मदतीच्या अर्जात काय विचारू नये

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आमच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाई ग्वाटेमालाच्या आहेत, त्यांच्याकडे इथली कागदपत्रं नाहीत. गेल्या महिन्यातल्या पावसात त्यांच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं. गाद्या, कपडे, शिलाई मशीन, सगळं गेलं. फेमाचं, म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेचं, नाव काढलं की त्या गप्प होतात. त्यांचा धाकटा मुलगा इथेच जन्मलेला आहे. आमच्या मंडळाने पूरग्रस्तांसाठी पैसे जमवलेत, पण समितीतले काही जण म्हणतात, 'इमिग्रेशन स्टेटस विचारल्याशिवाय चेक द्यायचा नाही, उद्या आपल्यावर शेकेल.' काय करावं?
– एक वाचक

उत्तर : समितीची भीती आधी घेते, कारण ती लवकर मिटण्यासारखी आहे. तुमचं मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल, तर आयआरएसला, म्हणजे केंद्रीय करखात्याला, हिशेब हवा असतो तो असा : पैसे कुणाला दिले, पत्ता काय, किती आणि कशासाठी, माणूस कसा निवडला, समितीतल्या कुणाशी त्याचं नातं आहे का. व्हिसा आणि ग्रीन कार्ड त्यात कुठेच येत नाही. स्थलांतरितांच्या सरकारी मदतीवर ज्या १९९६ च्या कायद्याने कात्री लावली, त्याच कायद्यात धर्मादाय संस्थांवर स्टेटस तपासण्याची सक्ती नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा विचारू नका, आणि कुणी आपणहून सांगितलं तरी लिहून ठेवू नका. लिहिलेला कागद उद्या कोर्टाच्या आदेशाने मागवता येतो. नसलेला कागद कोण मागवणार?

एक पथ्य मात्र पाळा. मंडळाचा निधी या एका बाईंसाठी म्हणून गोळा करता येत नाही. तो त्या भागातल्या सगळ्या पूरग्रस्तांना खुला हवा आणि निकष आधी ठरलेले हवेत. त्यांना वेगळं काही द्यायचं असेल तर स्वतःच्या खिशातून द्या. त्यावर करसवलत मिळणार नाही, एवढंच.

निकष कसे असावेत? २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळानंतर मी क्वीन्समध्ये मदतवाटपाला जात होते. त्या पावसात न्यूयॉर्क शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटमध्ये. एका संस्थेच्या टेबलावर पहिलाच प्रश्न सोशल सिक्युरिटी नंबरचा होता, आणि कागदपत्रं नसलेल्यांकडे तो नसतो. तो प्रश्न कानावर पडताच रांगेतल्या बायका पोरांचा हात धरून मागच्या मागे निघून जायच्या. शेजारच्या चर्चमध्ये विचारत होते : घरात किती माणसं, तान्हं मूल आहे का, आज रात्री झोपणार कुठे? तिथली रांग संध्याकाळपर्यंत सरत नव्हती. तुमचा अर्ज या तीन प्रश्नांनी सुरू करा.

आता फेमा. बाईंची भीती अनाठायी नाही. फेमा आणि धरपकड करणारं आईस, दोन्ही होमलँड सिक्युरिटी खात्याखाली येतात. मुळात राष्ट्राध्यक्षांनी तुमच्या काउंटीसाठी आपत्ती आणि वैयक्तिक मदत जाहीर केली असेल तरच फेमाचे पैसे मिळतात, हे आधी पाहा. जाहीर झाली असेल, तर नियमाप्रमाणे इथे जन्मलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावाने, त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर, आईला अर्ज करता येतो. तिला स्वतःचं स्टेटस सांगावं लागत नाही. पण नाव-पत्ता त्याच खात्याच्या दप्तरी जातो. म्हणून अर्जाआधी एखाद्या ना-नफा संस्थेतल्या इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि शेवटचा निर्णय बाईंना घेऊ द्या. तुम्ही आग्रह करू नका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी 'मी नागरिक आहे' या वाक्याखाली त्यांनी सही करायची नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढचे सगळे रस्ते कायमचे बंद करू शकतो.

निवारा, अन्न, पाणी, तातडीचे औषधोपचार यांसाठी स्टेटसची अट नाही.

तुमच्या समितीला आणखी एक सांगा. फेमाची रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशा ठरावीक लोकांनाच मिळते. एच-वन-बी या नोकरीच्या, एच-फोर या कुटुंबीयांच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरचा माणूस त्यात बसत नाही. कर भरणारी, रीतसर आलेली कितीतरी मराठी घरं पाण्याखाली गेली, तर तीही याच दाराबाहेर उभी असतील. नोकरी गेल्यावर व्हिसावर मिळणारी साठ दिवसांची मुदत उलटलेले, कुणाला न सांगता दिवस काढणारे लोक आपल्यातही आहेत, आणि स्टेटस विचारणाऱ्या मंडळाकडे ते कधीच येणार नाहीत.

हे काम जमतं, याचे दाखले आहेत. २०१७ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या सोनोमा काउंटीत वणवे पेटले, द्राक्षमळ्यांवरच्या मजुरांची घरं आणि मजुरी दोन्ही गेली. तिथल्या मजूर संघटनांनी कागदपत्रं नसलेल्यांसाठी 'अनडॉक्युफंड' उभा केला आणि लाखो डॉलर थेट त्या कुटुंबांच्या हातात दिले. आयडानंतर न्यूयॉर्कने फेमात न बसणाऱ्यांसाठी २ कोटी ७० लाख डॉलर बाजूला काढले. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, कॅलिफोर्नियाने देणगीदारांना बरोबर घेऊन कागदपत्रं नसलेल्यांसाठी साडेबारा कोटी डॉलरचा निधी केला आणि माणशी ५०० डॉलर दिले. वाटप सरकारी कचेरीतून न करता स्थानिक संस्थांवर सोपवलं, कारण या लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता. तुमच्या मंडळाची बाईंच्या वस्तीत ओळख नसेल, तर तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या चर्चला किंवा मजूर केंद्राला बरोबर घ्या.

बेसमेंटचे फोटो, भाड्याच्या पावत्या आणि घरमालकाशी झालेले मेसेज जपून ठेवायला सांगा. बुरशी काढायला जाताना मास्क आणि हातमोजे तुम्ही विकत आणून द्या. आणि साफसफाईत त्यांचे जेवढे दिवस मोडतील, त्यांचा पगार कापू नका.