आजोबांच्या १५ ऑगस्ट १९४७च्या पदकावर ब्रिटिश राजाचं नाव आणि मुकुट कसा? पदक नकली आहे का? (आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते.)

मुकुट आहे म्हणून पदक नकली, असं अजिबात समजू नका. या पदकावर मुकुट असायलाच हवा.

१५ ऑगस्ट १९४७ला आपण स्वतंत्र झालो, पण प्रजासत्ताक झालो ते २६ जानेवारी १९५०ला. मधली जवळजवळ अडीच वर्षं भारत डोमिनियन होता. सरकार आपलं, पण नावापुरता राजा सहावा जॉर्जच. लष्करी पदकं तेव्हाही राजाच्याच नावे निघत. तुमच्याकडचं ‘इंडियन इंडिपेंडन्स मेडल’ त्या काळातलं आहे.

आता पदक नीट पाहा. एका बाजूला मधोमध अशोकचक्र, त्याच्या डोक्यावर मुकुट आणि कडेने लॅटिनमध्ये राजाचं नाव. त्यात ‘भारताचा सम्राट’ ही उपाधी नाही, कारण ती जॉर्जने जून १९४८मध्ये रीतसर सोडली होती. दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह, वर ‘इंडियन इंडिपेंडन्स’ आणि खाली तारीख. फीत केशरी, पांढरी, हिरवी, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. संविधान सभेने तिरंगा स्वीकारला २२ जुलै १९४७ला, आणि तेच रंग पुढे जवानाच्या छातीवर आले. मला हे पदक फार मोलाचं वाटतं ते यासाठीच. मुकुट आणि चक्र एकाच धातूवर, ही जोडी पुढे पुन्हा होणं शक्यच नव्हतं.

हे शौर्यपदक नाही. त्या दिवशी सेवेत असलेल्यांना ते आठवण म्हणून दिलं गेलं. पुढे १९७२ आणि १९९७मध्ये स्वातंत्र्याच्या २५व्या आणि ५०व्या वर्षानिमित्त अशीच पदकं निघाली. पण म्हणून याला कमी लेखू नका. त्याच महिन्यांत सैन्याचीही फाळणी होत होती, आणि आजोबा तेव्हा गणवेशात होते.

खरी माहिती पदकाच्या कडेवर मिळेल. भिंग घेऊन उजेडात बघा, बहुधा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावून घासू मात्र नका, ती अक्षरं झिजतात. क्रमांक सापडला की आजोबांच्या डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. ते पुस्तक घरात नसेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला क्रमांक आणि नातं कळवून पत्र लिहा.