वाचकांचे प्रश्न : पाणीपट्टी आणि गस्त

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील निवृत्त माध्यमिक शिक्षक असून आमच्या गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे सचिवपद काही वर्षे सांभाळले आहे. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये ‘आम्ही ९९ टक्के’ असे म्हणत तरुण मुले ठाण मांडून बसली, तेव्हा तिथले पुराणमतवादी त्यांच्यावर तुटून पडले होते. मात्र याच मंडळींनी बँकांना दिलेल्या सरकारी मदतीलाही विरोध केला होता, असे वाचनात आले. मग हे लोक श्रीमंतांच्या बाजूचे म्हणायचे की विरोधातले? आमच्याकडे वेळेवर पाणीपट्टी भरणारा सभासद थकबाकीदारावर चिडतो, तसाच हा प्रकार आहे का?

उत्तर : आपला दाखला फार जवळचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. पण आधी शब्दाचा घोळ दूर केलेला बरा. ‘पुराणमतवादी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सोवळे नेसून बसलेले गृहस्थ उभे राहतात. अमेरिकेतल्या या मंडळींचे, म्हणजे मुख्यतः रिपब्लिकन पक्षाचे, मूळ आग्रह वेगळे आहेत : सरकारचा पसारा आटोपशीर असावा, कर कमी असावेत, प्रत्येकाने आपल्या कष्टाचे फळ खावे आणि आपल्या चुकीची किंमतही आपणच मोजावी. धर्म आणि कुटुंब हे विषय त्यात आहेतच, परंतु आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो या शेवटच्या आग्रहाचा.

२००८ च्या सप्टेंबरात वॉल स्ट्रीटवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या सराफकट्ट्यावरच्या, बड्या वित्तसंस्था कोसळू लागल्या, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्याच अध्यक्षांनी, ७०० अब्ज डॉलरची मदतयोजना संसदेपुढे ठेवली. २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने ती २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली आणि विरोधात मत देणाऱ्यांपैकी १३३ सदस्य खुद्द अध्यक्षांच्या पक्षाचे होते. चारच दिवसांनी, शेअरबाजाराने आपटी खाल्ल्यावर, ती थोडी बदलून मंजूर झाली. पण ज्याने स्वतःच्या हाताने दुकान बुडवले त्याला सरकारने उचलून का धरावे, हा प्रश्न पक्षाच्या सामान्य मतदाराच्या मनात तिथेच रुतला.

पुढच्या फेब्रुवारीत ओबामा सरकारने गृहकर्ज थकलेल्यांसाठी योजना जाहीर केली, तेव्हा रिक सँटेली नावाच्या दूरचित्रवाणी वार्ताहराने शिकागोच्या वायदेबाजारातून थेट प्रक्षेपण चालू असताना आवाज चढवून विचारले की, शेजाऱ्याने ऐपतीबाहेर जाऊन जादा न्हाणीघराचे घर घेतले आणि आता हप्ता भरता येत नाही, तर तो हप्ता तुमच्यापैकी किती जणांना भरायचा आहे? आजूबाजूच्या दलालांनी ‘नाही’ म्हणून गलका केला. हळदीच्या वायद्यांमुळे सांगलीकरांना वायदेबाजार नवा नाही, त्यामुळे त्या आवाजाची कल्पना आपल्याला सहज येईल. त्या दिवसापासून ‘टी पार्टी’ या नावाने जी चळवळ पसरली, तिचा गाभा हा आपल्या संस्थेतल्या नियमित सभासदाचा संताप होता. कर्जमाफीची घोषणा होते तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर बसून ‘आम्ही दागिने मोडून कर्ज फेडले, ते काय वेडे म्हणून?’ असे विचारणारा शेतकरी आपण पाहिलाच असेल. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्यांसाठी ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन ठेवावे लागले, ते याच भावनेची दखल म्हणून.

(एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. शेजाऱ्याच्या न्हाणीघराबद्दलचा तो सवाल अशा ठिकाणाहून विचारला गेला, जिथल्या धंद्याला सावरण्यासाठी सरकारने चारच महिन्यांपूर्वी तिजोरी उघडली होती.)

आता ‘९९ टक्के’वाल्यांकडे, म्हणजे वरचे एक टक्का श्रीमंत सोडून उरलेले सगळे आम्ही, असे म्हणणाऱ्यांकडे येऊ. १७ सप्टेंबर २०११ रोजी मॅनहॅटनमधील झुकोटी पार्कमध्ये हे आंदोलन सुरू झाले आणि १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी तो तळ उठवला. ते चालू असतानाच संसदेच्या अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अहवाल आला. १९७९ ते २००७ या काळात सर्वांत वरच्या एक टक्का घरांचे करोत्तर उत्पन्न, महागाई वजा करून, २७५ टक्क्यांनी वाढले होते, तर तळातल्या वीस टक्क्यांचे केवळ १८ टक्क्यांनी. हे आकडे आंदोलकांनी नव्हे, सरकारी कार्यालयाने काढले होते. तरीही प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन नेते एरिक कँटर यांनी आंदोलकांना ‘झुंडी’ म्हटले, पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्यांपैकी मिट रॉम्नी यांनी हे धोकादायक वर्गयुद्ध असल्याचे सांगितले, आणि हर्मन केन तर, नोकरी नसेल आणि श्रीमंत नसाल तर बँकांना नव्हे, स्वतःलाच दोष द्या, असे बोलून गेले. देशात बेरोजगारी नऊ टक्क्यांच्या आसपास होती. दर अकरा इच्छुकांतल्या एकाला काम मिळत नसताना त्या एकाच्या आळसाकडे बोट दाखवणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. मोटार जळाल्यामुळे पाणी बंद पडले असताना सचिवाने वाळलेल्या उसाच्या मालकाला नांगरट नीट केली नाहीस म्हणून झापावे, त्यातला हा प्रकार होता.

पुराणमतवाद्यांच्या बाजूने एक उत्तर ‘आम्ही ५३ टक्के’ या घोषणेतून आले. केंद्रीय प्राप्तिकर भरणाऱ्या घरांचा हा अंदाजे वाटा, आणि उरलेले ४७ टक्के फुकटे, असा त्याचा अर्थ. या ४७ टक्क्यांतले बहुतेक नोकरदार पगारातून सामाजिक सुरक्षेचा कर भरतात आणि दुकानात विक्रीकरही भरतात, हे त्या घोषणेत बसत नव्हते. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना रॉम्नी यांनी देणगीदारांच्या खासगी बैठकीत हाच आकडा वापरला, त्याचे चित्रीकरण बाहेर फुटले आणि त्यांना ते फार महागात पडले.

म्हणजे ‘श्रीमंतांच्या बाजूचे की विरोधातले’ या आपल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण रागाचे मूळ श्रीमंतीत नाही, थकबाकीत आहे. थकबाकीदार गरीब असेल तर पक्षातले सगळे एका सुरात बोलतात. तो बँकर असेल तर नेते आणि मतदार यांच्यात भेग पडते. ती भेग किती रुंद होती हे कँटर यांनाच २०१४ साली कळले. व्हर्जिनियातील पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यांना पाडले. स्थलांतराचा मुद्दा त्यात मोठा होता खरा, पण वॉल स्ट्रीटवरचे लबाड तुरुंगात जायचे सोडून आमच्या खासदाराच्या फोनवहीत बसले आहेत, असे हा प्राध्यापक सभांतून सांगत फिरला होता. झुकोटी पार्कमधल्या एखाद्या पोराच्या तोंडी शोभले असते असे हे वाक्य उजव्या बाजूच्या उमेदवाराने उच्चारले आणि निवडणूक जिंकली. २०१६ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यात तर ठेवींचा व्यवहार आणि सट्टेबाजी वेगळी ठेवणारा १९३३ चा ग्लास–स्टीगल कायदा परत आणण्याचे आश्वासन होते. ते पाळले गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : याच पक्षाचे लोक पूर्वी नेटोचे, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी युतीचे, कट्टर समर्थक होते आणि आता मित्रदेशांनाच ‘आमच्या जिवावर जगता’ असे सुनावतात. युरोपने वर्गणी थकवली आहे, हे खरे आहे काय? — एक व्यापारी, मिरज

उत्तर : वरच्या पत्रलेखकांचा पाणीपट्टीचा दाखला इथे लंगडा पडतो, आणि अमेरिकेतल्या अनेक भाषणांतही नेमकी हीच गफलत झालेली दिसते. नेटोचा सामायिक निधी असतो, पण तो तुलनेने किरकोळ. ज्या दोन टक्क्यांवरून एवढी भांडणे झाली ते कुणा संस्थेकडे भरायचे नसून, प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या इतका भाग स्वतःच्याच सैन्यावर खर्चावा, असा तो संकेत आहे. २०१४ च्या वेल्स परिषदेत तो दहा वर्षांच्या मुदतीने मान्य झाला. तेव्हा ही पाणीपट्टी नव्हे, ही गावची गस्त आहे. चोरांची आवई उठली की घरटी एक माणूस काठी घेऊन रात्री फिरायचे ठरते. चौकातल्या वाड्यातले चार धट्टेकट्टे रोज फिरतात आणि पलीकडच्या आळीतला माणूस ‘आज अंगात कणकण आहे’ म्हणून घोंगडी ओढून झोपतो. त्याच्याकडे कुणाची बाकी निघत नाही, पण वाड्यातले वैतागतात हेही खोटे नाही.

हा वैताग ट्रम्प यांच्यापासून सुरू झाला, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. आंदोलन पेटले त्याच २०११ सालच्या जूनमध्ये मावळते संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स ब्रुसेल्सला गेले आणि त्यांनी अगदी सभ्य पण कडक शब्दांत युरोपला बजावले की, नेटोच्या एकूण संरक्षणखर्चातला अमेरिकेचा वाटा ७५ टक्क्यांवर गेला आहे, २८ सदस्यांपैकी पाचच देश दोन टक्क्यांची मर्यादा ओलांडतात, आणि अमेरिकेतल्या नव्या पिढीला हा व्यवहार परवडणारा वाटेलच असे नाही. त्या पाचांत एक नाव ग्रीसचे होते. स्वतः कर्जात बुडालेला हा देश सैन्यावर भरपूर खर्च करत होता, मात्र त्याची नजर रशियाकडे नव्हती, नेटोतच असलेल्या शेजारच्या तुर्कस्तानकडे होती. कोण किती खर्चतो हे आकड्यात दिसते, कशासाठी खर्चतो हे दिसत नाही.

त्याहून मागे गेले तर पक्षातला हा वाद नेटोइतकाच जुना निघतो. जुलै १९४९ मध्ये सिनेटने हा करार ८२ विरुद्ध १३ मतांनी संमत केला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत रिपब्लिकन पक्षाचे वजनदार सिनेटर रॉबर्ट टाफ्ट होते. युरोपला शस्त्रे पुरवण्याचे बंधन आपल्या गळ्यात पडेल आणि रशियाला चिथावणी मिळेल, हे त्यांचे आक्षेप होते. घरी सरकार लहान हवे असेल तर जगभर छावण्या ठेवता येणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब होता. १९५२ मध्ये पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी टाफ्ट यांना न मिळता आयझेनहॉवर यांना मिळाली. आयझेनहॉवर नेटोचे पहिले सरसेनापती होते. पुढची चाळीस वर्षे सोव्हिएत संघाच्या भीतीने पक्षाला एकत्र बांधून ठेवले. १९९१ मध्ये ती भीती संपल्यावर टाफ्ट यांचा हिशेब पुन्हा वर आला.

माझ्या मते या हिशेबात एक जमेची नोंद नेहमी राहून जाते. नेटोच्या कराराचे पाचवे कलम, म्हणजे एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला, आजवर एकदाच लागू झाले आहे, आणि तेही सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेसाठी. डेन्मार्क, कॅनडा, ब्रिटन यांचे जवान अफगाणिस्तानात पडले. कुरकुरीचा परिणाम झाला हेही मान्य केले पाहिजे : २०१४ मध्ये दोन टक्के गाठणारे देश तीन होते, २०२४ मध्ये ३२ पैकी २३ असतील असा नेटोचाच अंदाज होता, आणि २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले. त्यातले दीड टक्का रस्ते, पूल, संगणकीय सुरक्षा यांत धरायचे असल्याने पळवाट आहेच. आणि याचे सगळे श्रेय वाड्यातल्या ओरडण्याला द्यायचे, तर २०२२ मध्ये युक्रेनवर झालेल्या आक्रमणाला काय द्यायचे?

प्रश्न : मी साताऱ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अमेरिकेची मित्रदेशांतली फौज आणि इंग्रजांची तैनाती फौज यांत फरक काय, असा वाद आमच्या अभ्यासिकेत झाला.

उत्तर : साताऱ्यात हा वाद व्हावा हे योग्यच आहे. तैनाती फौजेत रक्षणाचा खर्च रक्षण घेणाऱ्याने द्यायचा असे, रोख किंवा मुलूख तोडून, आणि परराष्ट्रव्यवहार कायमचा इंग्रजांच्या हाती जाई. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचे हेच झाले. १८१९ च्या तहाने राज्यावर बसवलेल्या प्रतापसिंह महाराजांनाही कंपनीच्या संमतीवाचून बाहेरच्यांशी संबंध ठेवण्याची मनाई होती. पोर्तुगीजांशी संधान बांधल्यासारखे आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. नेटोत फ्रान्सने १९६६ मध्ये संयुक्त सेनाव्यवस्थेतून अंग काढले, अमेरिकी तळ उठवायला लावले, तरी त्याचे सदस्यत्व गेले नाही आणि पॅरिसवर कुणी चालून गेले नाही. परीक्षेत एवढा फरक लिहिलात तरी पुरे.

जपान आणि दक्षिण कोरियाचे उदाहरण मात्र थोडे जवळ येते, कारण तिथल्या अमेरिकी तळांच्या खर्चाचा भाग ते देश उचलतात. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने कोरियाकडे वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर मागितले, तेव्हा फौज कोणाच्या सोयीसाठी आहे, हा तुमच्या अभ्यासिकेतला प्रश्न सोलच्या वर्तमानपत्रांतही विचारला गेला.

प्रश्न : एखाद्या अध्यक्षाने मनात आणले तर अमेरिका नेटोतून बाहेर पडेल काय? — एक वाचक, कराड

उत्तर : डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षणविषयक कायद्यातील तरतुदीनुसार, सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीवाचून किंवा संसदेच्या स्वतंत्र कायद्यावाचून अध्यक्षाला तसे करता येत नाही. न्यायालयात ती टिकेल की नाही यावर तिथल्या घटनापंडितांत मतभेद आहेत. ही तरतूद मांडणाऱ्या दोन सिनेटरांपैकी एक डेमोक्रॅट टिम केन, आणि दुसरे रिपब्लिकन मार्को रुबिओ, जे जानेवारी २०२५ पासून ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री आहेत.