रॉथ कन्व्हर्जन आणि फॉर्म ८६०६: वाचकांचे प्रश्न

(आयआरए म्हणजे अमेरिकेतलं वैयक्तिक निवृत्ती खातं. ट्रॅडिशनल आयआरएत भरलेल्या पैशांवर करात वजावट मिळू शकते, रॉथ आयआरएत कर भरलेले पैसे जातात. ट्रॅडिशनलमधले पैसे रॉथमध्ये वळवणं म्हणजे कन्व्हर्जन.)

प्रश्न : २०२५मध्ये ट्रॅडिशनल आयआरएत ७,००० डॉलर भरले, वजावट घेतली नाही आणि आठवड्याभरात सगळे रॉथमध्ये वळवले. आता १०९९-आरवर (खात्यातून काढलेल्या किंवा वळवलेल्या रकमेबद्दल ब्रोकर पाठवतो तो फॉर्म) करपात्र रक्कम ७,००० छापून आली आहे. कर भरलेल्या पैशांवर पुन्हा कर? (न्यू जर्सी)

नाही. फॉर्मही बरोबरच आहे, ब्रोकरकडे दुरुस्ती मागत बसू नका. रकाना २एमध्ये पूर्ण रक्कम असली, तरी २बीमध्ये ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’ यावर खूण दिसेल. तुम्ही वजावट घेतलीत की नाही, हे ब्रोकरला कळायला मार्ग नाही. ते आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, तुम्हीच सांगायचं, फॉर्म ८६०६वर. तिथे ओळ १वर भरलेली रक्कम, ओळ ८वर वळवलेली, आणि ओळ १८वर निघेल ती करपात्र. दुसरी कोणतीही आयआरए नसेल तर १०४०च्या, म्हणजे मुख्य रिटर्नच्या, ४एमध्ये ७,००० आणि ४बीमध्ये शून्य. मधल्या दिवसांत व्याज जमून ७,०१२ वळवले असतील तर ४बीमध्ये १२.

सॉफ्टवेअर वापरणारे बरेच जण इथेच फसतात. १०९९-आर टाकतात, पण आयआरएत पैसे भरल्याची नोंद वेगळ्या पानावर करायची असते, ती राहून जाते. मग पूर्ण रकमेवर कर लागतो.

प्रश्न : माझंही तसंच, पण जुन्या नोकरीच्या ४०१(के)तून (कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) आलेले ६३,००० डॉलर दुसऱ्या आयआरएत पडून आहेत. त्यांना हातही लावला नाही, मग त्यांचा काय संबंध? (टेक्सस)

संबंध आहे, आणि महागात पडणारा आहे. खाती कितीही असोत, कायदा तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल, तसंच सेप आणि सिंपल (छोट्या व्यवसायांमार्फतच्या) आयआरए मिळून एकच खातं मानतो. ‘मी फक्त नवे पैसे वळवले’ असं म्हणता येत नाही. ३१ डिसेंबरची शिल्लक ६३,००० आणि वळवलेले ७,००० मिळून ७०,०००. त्यात कर भरलेले ७,०००, म्हणजे दहा टक्के. वळवलेल्या रकमेतले ७०० करमुक्त, ६,३०० करपात्र. उरलेले करमुक्त ६,३०० बुडत नाहीत, ओळ १४वर पुढच्या वर्षांसाठी जमा राहतात.

२०२५ची ३१ डिसेंबर उलटून गेली, त्यामुळे या वर्षी इलाज नाही. पुढच्या वेळी कन्व्हर्जनच्याच वर्षात, ३१ डिसेंबरच्या आत, जुने पैसे सध्याच्या ४०१(के)त हलवा; ४०१(के) या हिशेबात धरत नाहीत. मात्र तुमच्या कंपनीचा प्लॅन बाहेरचे पैसे घेतो का, ते आधी विचारा. नवरा-बायकोचा हिशेब वेगळा असतो, फॉर्म ८६०६ही प्रत्येकाचा स्वतंत्र. तुमच्या ६३,०००मुळे बायकोचं कन्व्हर्जन बिघडत नाही.

प्रश्न : २०२५ सालचे पैसे मार्च २०२६मध्ये भरले आणि लगेच वळवले. कोणत्या रिटर्नमध्ये दाखवू? (कॅलिफोर्निया)

दोन्हींत. भरणा १५ एप्रिलपर्यंत मागच्या वर्षाच्या नावावर करता येतो, कन्व्हर्जनला मात्र कॅलेंडर वर्षच लागू. २०२५मध्ये दुसरं काही काढलं-वळवलं नसेल, तर त्या ८६०६वर ओळ १वर ७,०००, तीच रक्कम ओळ १४वर, आणि बस्स. कन्व्हर्जनचा १०९९-आर जानेवारी २०२७मध्ये येईल. तेव्हा २०२६च्या फॉर्मवर ओळ २वर हे ७,००० आणायला विसरू नका.

प्रश्न : तीन वर्षं वजावट न घेता पैसे भरतो आहे, ८६०६ एकदाही भरला नाही. (इलिनॉय)

आता भरा, प्रत्येक वर्षाचा वेगळा, त्या-त्या वर्षाच्या छापील फॉर्मवर. रिटर्नमधलं दुसरं काही बदलत नसेल तर ८६०६ एकटाही सही करून पाठवता येतो. न भरल्याबद्दल ५० डॉलर दंड आहे, सबळ कारण असेल तर तोही माफ होतो. एखाद्या वर्षी कन्व्हर्जनवर चुकून कर भरला असेल, तर १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, लागेल. तो परतावा मागायला रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून सर्वांत जुन्या वर्षापासून सुरुवात करा.

प्रश्न : वळवल्यावर बाजार पडला. कन्व्हर्जन रद्द करता येईल? (जॉर्जिया)

नाही. ती सोय २०१८पासून बंद आहे.