एका बायपासचं गणित

विलेपार्ले (पूर्व),
२० फेब्रुवारी

चि. नव्या एचआर साहेबांस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर बोललास त्यातलं अर्धं लोकलच्या गोंगाटात गेलं, पण मुद्दा कळला. मरोळच्या तुमच्या कंपनीचं मेडिक्लेम १ एप्रिलला रिन्यू व्हायचंय. चाळीस माणसं आणि त्यांची कुटुंबं. ब्रोकरने कोटेशन पाठवलं, प्रीमियम आठ लाखांवरून साडेबारावर. शेठनी तुला केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न विचारला, "कोणामुळे वाढला?" तू अकाउंट्सचा माणूस, एचआर तुझ्या गळ्यात आत्ता सहा महिन्यांपूर्वी पडलेलं. क्लेमची शीट उघडलीस, सगळ्यात मोठा आकडा शोधलास आणि नाव सांगून मोकळा झालास. डिस्पॅचचे काका, बायपास, साडेचार लाख.

तिथे चुकलास. रागावून लिहीत नाही, मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. पण आता ते काका शेठसमोरून गेले की शेठना माणूस दिसणार नाही, साडेचार लाख दिसतील. दिवाळीच्या बोनसच्या वेळी आठवतील, कामावरून दोन माणसं कमी करायची वेळ आली तर आधी आठवतील. आणि गंमत म्हणजे उत्तरही चुकीचं होतं. प्रीमियम काकांमुळे वाढलेला नाही. तुम्ही चाळीसच आहात म्हणून वाढलाय.

कसं ते सांगते. धर, तुमच्या जागी चार हजार माणसांची कंपनी आहे आणि माणशी प्रीमियम तेवढाच. म्हणजे वर्षाचे आठ कोटी. तिथे एका बायपासचे साडेचार लाख म्हणजे अर्धा टक्का, कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे दर वर्षी दहा-बारा बायपास होणारच असं धरलेलं असतं आणि साधारण तेवढ्या होतातही. तुमच्याकडे तोच एक क्लेम प्रीमियमच्या निम्म्याहून जास्त. पाच वर्षं काहीच होत नाही आणि सहाव्या वर्षी एका माणसाच्या छातीत दुखतं. विमा कंपनीला तुमच्या पाच शांत वर्षांचं काही पडलेलं नसतं, ती गेल्या वर्षाची शीट बघते. तुझी ताई बीकेसीत आहे, तिला आईवडिलांसकट पाच लाखांचं कव्हर आहे आणि पगारातून जेमतेम काही कापतात, असं तू म्हणालास. तिची कंपनी तुमच्यापेक्षा उदार असेलही, नसेलही. ती मोठी आहे, हे मात्र नक्की.

आमच्या वेळी मोठ्यांचं आणखी फावायचं. मेडिक्लेम सुरू झाला १९८६ साली, सरकारी विमा कंपन्यांचा. मी तेव्हा नरिमन पॉइंटला एका मोठ्या केमिकल कंपनीत ज्युनियर होते. आमचे साहेब फोर्टातल्या विमा कंपनीत जायचे ते कारखान्यांचा आगीचा विमा घेऊन. त्याचे दर तेव्हा ठरवून दिलेले, त्यात विमा कंपन्यांना भरपूर सुटायचं, म्हणून त्याच्यासोबत स्टाफचा मेडिक्लेम जवळजवळ भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा मिळायचा. १ जानेवारी २००७ पासून ते दर मोकळे झाले, आगीच्या विम्याचे भाव कोसळले आणि कोथिंबिरीचे पैसे लागायला लागले. आमच्याकडे त्या वर्षी मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. ज्यांच्याकडे कारखानाच नव्हता, त्या छोट्या ऑफिसांना ती कोथिंबीर कधी मिळालीच नव्हती.

हा काही आपल्याच देशाचा रोग नाही. अमेरिकेत तर सगळं नोकरीवरच टांगलेलं आहे. २०२४ मध्ये तिथे नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून गेले. कुटुंबाच्या विम्यासाठी खिशातून जास्त घालावे लागतात ते तिथेही छोट्या कंपनीतल्यांनाच.

आता कामाचं. कोटेशन आलं म्हणजे तो शेवटचा शब्द नसतो. ब्रोकरकडून त्याचं वर्किंग, म्हणजे आकडा कसा काढला तो हिशेब, मागव. तुमचे जानेवारीअखेरचे क्लेम नऊ लाख, म्हणजे दहा महिन्यांचे. विमा कंपनी ते बारा महिन्यांवर ताणते, दहा लाख ऐंशी हजार. त्यावर तिचा खर्च, कमिशन, आणि हॉस्पिटलं दर वर्षी महागतात म्हणून वर थोडं. पण त्या नऊ लाखांत साडेचार लाख बायपासचे आहेत. बायपास काही दर महिन्याच्या हिशेबाने होत नाही! ती बाजूला काढ, उरलेले साडेचार लाख ताण, पाच लाख चाळीस हजार होतात, त्यात बायपास मिळव. नऊ लाख नव्वद हजार. एवढं एक ईमेलमध्ये नीट मांडलंस की लाखभर तरी खाली यायला हवेत. आणि ब्रोकर गोड बोलतो म्हणून त्याच्यावर सोडू नकोस. त्याचं कमिशन प्रीमियमवर आहे, तो कमी करण्यासाठी त्याने जीव का टाकावा? दुसऱ्या दोन ठिकाणांहून कोटेशन घे आणि ते घेतोयस हे त्याला कळू दे.

शेठ म्हणतायत की ग्रुप पॉलिसी बंदच करू, प्रत्येकाला वर्षाला वीस हजार देऊ, ज्याने त्याने आपापली घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला आणि ग्रुपवर मात्र १८ टक्के तसाच राहिला, हे त्यांनी बरोबर वाचलंय. कागदावर हिशेब सुटतोही. पण ग्रुप पॉलिसीत तुमच्या माणसांची मेडिकल तपासणी झाली नव्हती, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले होते. उद्या काका बाहेर स्वतःची पॉलिसी घ्यायला गेले तर? बावन्न वर्षांचा, नुकती बायपास झालेला माणूस. एक तर नाही म्हणतील, नाहीतर हृदयासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील. पंचविशीतली मुलं वीस हजारांत खूश होतील, त्यातली निम्मी पॉलिसी न घेता फोन घेतील. ज्याला गरज आहे तोच तेवढा उघडा पडेल. शेठना हे सांगताना नाव घेऊ नकोस. "पन्नाशीच्या पुढचे आपले नऊजण आहेत" असं म्हण. त्या नऊजणांत शेठ स्वतःही आहेत ना?

कापायचंच असेल तर कुठे कापायचं ते सांगते, कारण इथेच छोट्या कंपन्या चुकतात. ओपीडीची कूपनं, दातांची सूट, फुकट चेकअप, ते ॲप, हे सगळं आधी काढ. ब्रोकर ते मोठ्या अक्षरात दाखवतो, पण त्यावाचून कोणाचं घर बुडत नाही. आईवडिलांना ठेव, पण त्यांच्या क्लेमवर दहा-वीस टक्के को-पे (बिलातला तेवढा वाटा घरच्यांनी भरायचा) लाव, किंवा त्यांच्या प्रीमियमचा काही भाग पगारातून घे. कुरकुर होईल, होऊ दे. फक्त रूम रेंटची, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याची, मर्यादा खाली आणू देऊ नकोस. उलट त्यासाठी वर दोन पैसे द्यावे लागले तर दे.

ही अट कशी चावते ते मी समोर बसून पाहिलंय. आमच्या अकाउंट्समधल्या एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन, पश्चिम उपनगरातलं बरं हॉस्पिटल. कव्हर तीन लाख, रूम रेंट एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. रात्री अकराला ॲडमिट केलं, स्वस्त खोली शिल्लक नव्हती, ६,००० ची घेतली. तिने मनात हिशेब केला, चार दिवस गुणिले तीन हजार, बारा हजार आपल्याला पडतील, पडू देत. डिस्चार्जच्या दिवशी बिल बरोब्बर दोन लाख. खोली २४,०००, डॉक्टर, ओटी, नर्सिंग वगैरे मिळून १,१६,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ६०,०००. विमा कंपनीने खोलीचे निम्मे दिले. आणि खोली निम्म्या भावाच्या हक्काची म्हणून डॉक्टर-ओटीचेही निम्मेच दिले. औषधं तेवढी पूर्ण. तिच्या वाट्याला आले ७०,०००. बिलिंग काउंटरवरून तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, फक्त पुन्हा पुन्हा "पण मॅडम, खोली तर बारा हजारच जास्त होती ना?" एवढंच विचारत होती. मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीत बहुतेक वेळा नुसतं "सिंगल एसी रूम" लिहिलेलं असतं, आकडा नसतो. तेवढ्या तीन शब्दांसाठी भांड.

या चाळीसांबाहेरच्या बाराजणांचं तू काहीच विचारलं नाहीस. हेल्पर, शिपाई, पॅकिंगची मुलं. २१,००० पर्यंत पगार असलेली ही माणसं ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत आहेत, म्हणून ती तुझ्या शीटवर नाहीत. १८,००० पगाराच्या माणसामागे कंपनीचे ५८५ आणि त्याचे १३५, दरमहा ७२० जातात. त्यात आख्खं कुटुंब येतं, उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही, आणि आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के हातात येतात, जे तुझ्या ताईची पॉलिसीही देत नाही. आता परळ, कांदिवली, मुलुंडच्या कामगार रुग्णालयांत रांगा किती आणि कागद किती, ते मला सांगू नकोस, मी माणसांसोबत उभी राहिले आहे. तरीही कार्ड प्रत्येकाच्या हातात आहे का, घरच्यांची नावं घातली आहेत का, हे एकदा बघ. आणि पगारवाढ करताना सांभाळ. १ एप्रिललाच कोणाचा पगार साडेएकवीस केलास तर तो तेव्हापासून ईएसआयच्या बाहेर. मेमध्ये केलास तर सप्टेंबरअखेरपर्यंत आत राहतो. मधल्या फटीत कोणी पडता कामा नये. ईएसआयतून निघेल त्या दिवशी त्याचं नाव मेडिक्लेममध्ये गेलेलं हवं.

फटीचं मला का एवढं लागतं, तेही सांगून टाकते. नरिमन पॉइंट सोडल्यावर मी एका तीस माणसांच्या ऑफिसात होते. एक मुलगा ३ तारखेला जॉइन झाला. त्याचं नाव, बायकोचं नाव मी ईमेलने पाठवलं आणि विसरले. नवीन नावांचा प्रीमियम विमा कंपनीकडे आपण आधी ठेवलेल्या पैशांतून कापला जातो, सीडी बॅलन्स म्हणतात त्याला. तो संपला होता. प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विम्याच्या १९३८ च्या कायद्यातच आहे, कलम ६४ व्हीबी. महिन्याच्या शेवटी त्याची बायको ॲडमिट झाली, टीपीएने, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीने, विचारलं, कोण हे? यादीत नाव नाही. ब्याण्णव हजार. मालकांनी निम्मे दिले, निम्मे त्याने कुठून तरी आणले. मी माफी मागितली, तो "असू दे मॅडम" म्हणाला. आठ महिन्यांत नोकरी सोडून गेला. दुसरी चांगली मिळाली म्हणून गेला असेल. मी विचारलं नाही.

तुमच्याकडे दोन नवीन मुलं घेतलीत म्हणालास. सीडी बॅलन्स किती आहे ते उद्या सकाळी चहाच्या आधी बघ.

शेठना पुढच्या वेळी दाखवायचा कागद वेगळा कर. हृदय १, बाळंतपण २, डेंग्यू-ताप ६, अपघात १, समोर रकमा. नावं नाहीत, खातं नाही, वय नाही. ते पुन्हा विचारतील, "हे कोण?" तेव्हा "टीपीए नावं देत नाही" असं सांग. खोटं आहे, मला माहीत आहे. इतकी वर्षं मी ते सांगत आले.

रविवारी दुपारी घरी ये. पॉलिसीची पूर्ण कॉपी आण, ती दोन पानी जाहिरात नको. क्लेमची शीटही आण, नावांचा कॉलम काढून.

तुझी,
मॅडम