बोआची मादी कितव्या वर्षी फळवावी, आणि कधी थांबावे?

आपली मादी तेरा वर्षांची आहे, ती एकदाही व्यालेली नाही आणि आता उशीर झाला का, असा आपला प्रश्न आहे. मी टेक्सासमध्ये सोळा वर्षे मध्य अमेरिकेतील बोआ, म्हणजे भक्ष्याला विळखा घालून मारणारे बिनविषारी साप, पाळत आहे. त्या अनुभवावरून सांगतो. (भारतातला मांडूळही याच कुळातला, पण तिथे तो पाळणे हा गुन्हा आहे, म्हणून हे उत्तर त्याला लावू नये.)

नर दीड-दोन वर्षांत तयार होतो, मादीला मात्र किमान चार वर्षे द्यावीत. सतत उंदीर चारून तिला दोन-अडीच वर्षांत सहा फुटांची करता येते आणि घोटाळा तिथेच होतो, कारण अंगावर चढलेली चरबी म्हणजे वयात येणे नव्हे. ही घाई मीही एकदा केली. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. बीजमोचनानंतर (बीजांडे सुटल्यावर) टाकलेल्या कातीपासून साधारण १०५ दिवस मोजायचे असतात. घाईने फळवलेली माझी ती मादी व्याली, त्या पहाटे वर्तमानपत्रावर नऊ पिल्ले पातळ पिशव्यांतून बाहेर पडत होती आणि त्यांच्यामध्ये मेणाच्या गोळ्यांसारखी अकरा पिवळी, न फळलेली अंडी पडली होती. मादीचा कणा कातडीखालून वर आला होता; तिने पुन्हा अंग धरायला दीड वर्ष गेले. तीच मादी सातव्या वर्षी चोवीस पिल्ले व्याली, वांझ अंडी फक्त तीन.

उतारवयाचे म्हणाल, तर सापांत ठरावीक वयाला पाळी संपण्यासारखे काही नसते. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील पॉपाय नावाचा बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगून १९७७ साली मेला. सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथनने (हा बोआ नव्हे, अजगर) किमान ६२ व्या वर्षी, कित्येक वर्षांत नराचा सहवास नसताना, २०२० च्या जुलैत सात अंडी घातली. वाढत्या वयात शरीरातला साठा भरून यायला वेळ लागतो, एवढे मात्र मी पाहिले आहे. म्हणून माझ्याकडील वयस्क माद्यांच्या दोन वेतांत मी तीन हिवाळे जाऊ देतो.

तेव्हा आपल्या मादीचे वय बाजूला ठेवून महिन्याला तिचे वजन नोंदवा. ती भरीव असून थुलथुलीत नसेल, तर नोव्हेंबरपासून रात्रीचे तापमान थोडे उतरवून नर सोडावा. पहिलटकरीण असल्याने वांझ अंडी जास्त निघतील, हे गृहीत धरा. नराला तिने सतत टाळले, तर त्या हिवाळ्यापुरते थांबावे.