पदके, ध्वज आणि गोमंतकीय खेळाडू: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (म्हापसा): भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणाचे? काही ठिकाणी १९०० साल दिलेले असते, तर काही ठिकाणी १९५२.

उत्तर: कोलकात्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिसमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत या दोन्ही प्रकारांत रौप्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ही पदके भारताच्या नावावर मांडते. मात्र ते त्याच सुमारास इंग्लंडमधील स्पर्धांत धावले असल्याने काही अभ्यासक त्यांना ब्रिटनचे खेळाडू मानतात. स्वतंत्र भारताच्या बाबतीत असा वाद नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च मुख्यतः लोकांच्या मदतीतून उभा राहिला होता. त्यानंतरचे वैयक्तिक पदक मिळण्यास तब्बल ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटात टेनिसचे कांस्यपदक मिळवणारे लिअँडर पेस हे वेस पेस यांचे चिरंजीव, आणि वेस पेस मूळचे गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या असोळण्याचे. १९७२ साली म्युनिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या भारतीय हॉकी संघात ते होते.

प्रश्न (फोंडा): गोवा मुक्त होण्यापूर्वी गोमंतकीय खेळाडू कोणत्या देशाकडून खेळत?

उत्तर: या प्रश्नाचे उत्तर एका देशाच्या पदकतालिकेत सापडत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पोर्तुगीज राजवटीत रोजगारासाठी हजारो कुटुंबे मुंबई, कराची आणि पूर्व आफ्रिकेत गेली, तेथील शाळांत आणि क्लबांत त्यांची मुले हॉकी, फुटबॉल खेळू लागली, आणि ज्या भूमीवर ती वाढली त्या भूमीचा ध्वज त्यांच्या वाट्याला आला. १९४८ साली वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरवून स्वतंत्र भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. त्या हॉकी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस आणि मॅक्सी व्हाझ हे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते, आणि त्या वेळी गोवा मात्र परकीय सत्तेखालीच होता. मेरी डिसोझा १९५२ साली हेलसिंकीत १०० आणि २०० मीटर धावल्या. स्वतंत्र भारताने ऑलिंपिकला पाठवलेल्या पहिल्या महिला खेळाडूंत त्यांची गणना होते. दोनच वर्षांनी मनिला येथील आशियाई स्पर्धेत ४×१०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींत मेरी यांच्यासोबत स्टेफी डिसोझाही होत्या. १९५६ साली मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसोझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत त्याहून वर कधीच गेलेला नाही.

मला मात्र सर्वाधिक अभिमान वाटतो तो १९६२ या वर्षाचा. गोवा मुक्त होऊन एक वर्षही झाले नव्हते. जकार्ता येथे आशियाई फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवणाऱ्या भारतीय संघात कोलवाळला जन्मलेले फॉर्च्युनातो फ्रांको होते, जे पुढे वास्कोच्या साळगावकर क्लबकडून खेळले. त्याच वर्षी पर्थ येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सेराफिनो आंताव या गोमंतकीय वंशाच्या धावपटूने १०० आणि २२० यार्ड अशी दोन सुवर्णपदके जिंकली, ती केनियासाठी. १९६४ साली टोकियोत केनियाचा ध्वजही त्यांच्याच हाती होता. आंताव यांचे नाव आपल्याकडील शाळकरी मुलांना ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न (मडगाव): आशियाई स्पर्धेत १०७ पदके मिळवणारा देश ऑलिंपिकमध्ये ६ पदकांवर कसा थांबतो?

उत्तर: २०२३ साली हांगझोऊमध्ये भारताने २८ सुवर्ण, ३८ रौप्य आणि ४१ कांस्यपदके मिळवली, पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये एक रौप्य आणि पाच कांस्यपदके. प्रथम क्रीडाप्रकार पाहावेत. हांगझोऊच्या २८ सुवर्णांपैकी कंपाउंड तिरंदाजीची (कप्प्या बसवलेल्या धनुष्याने होणाऱ्या प्रकाराची) ५, आणि कबड्डी, क्रिकेट व स्क्वॉश यांची प्रत्येकी २, अशी ११ सुवर्णे ज्या प्रकारांतून आली, ते पॅरिसच्या कार्यक्रमात नव्हतेच. हांगझोऊत ४८१ सुवर्णांसाठी स्पर्धा झाली, पॅरिसमध्ये ३२९. शिवाय ॲथलेटिक्समध्ये अमेरिका, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांचे धावपटू आशियाई स्पर्धेत नसतात. म्हणून आशियाई पदक हलके ठरत नाही, पण दोन्ही आकडे एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. पॅरिसमध्ये बॅडमिंटन महिला दुहेरीत अश्विनी पोनप्पासोबत खेळलेली गोमंतकीय वंशाची तनिषा क्रास्टो गटातील तिन्ही सामने हरली. तेथवर पोहोचणेही किती कठीण असते, हे त्या पात्रतेच्या शर्यतीत उतरलेल्यांनाच कळते.

प्रश्न (डिचोली): लुसोफोनिया स्पर्धेतील पदकांना किती महत्त्व द्यावे?

उत्तर: ही पोर्तुगीजभाषक देशांच्या ऑलिंपिक समित्यांची स्पर्धा. मकाव (२००६) आणि लिस्बन (२००९) यांच्यानंतर ती जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात झाली. गोव्याच्या इतिहासामुळे भारताला तिच्यात स्थान मिळाले आणि पदकतालिकेत भारत पहिला आला. सहभागी देश मोजकेच असल्याने ती पदके आशियाई पदकांच्या पंक्तीत बसवू नयेत. तिचा खरा लाभ सुविधांत दिसतो: तिच्या निमित्ताने बांबोळीला ॲथलेटिक्सचे मैदान उभे राहिले, आणि २०२३ च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील धावण्याच्या शर्यती तेथेच झाल्या.