नॉर्वेसारख्या देशाला अजून राजा कशाला?

तुम्ही विचारलंय की नॉर्वेसारख्या पुढारलेल्या देशात अजून राजा का आहे आणि तो करतो तरी काय.

नोकरीमुळे मी तीन वर्षं ऑस्लोत होतो. पहिल्याच रविवारी भटकत राजवाड्यापाशी पोचलो तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. बागेला कुंपण नाही की तिकीट नाही. लोक बाबागाड्या ढकलत, कुत्री फिरवत आरामात चाललेले.

अधिकार म्हणाल तर कागदावरचे. १८१४ ची राज्यघटना कार्यकारी सत्ता राजाला देते, पण १८८४ पासून सरकार चालतं ते संसदेच्या भरवशावर. राजा सही करतो.

खरी गंमत १९०५ सालची. तोवर स्वीडनचाच राजा नॉर्वेचाही राजा असायचा. नॉर्वेने स्वीडनशी फारकत घेतली आणि गादी रिकामी पडली. डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला बोलावणं गेलं, तर हा म्हणे, आधी लोकांना विचारा! नोव्हेंबरात मतदान झालं: बाजूने २,५९,५६३, विरोधात ६९,२६४. (बायकांना मत नव्हतं, ते १९१३ साली मिळालं.) नॉर्वेची नावं घेऊन कार्ल झाला होकून सातवा, आणि त्याचा दोन वर्षांचा अलेक्झांडर झाला ओलाव. थोडक्यात, हा चक्क निवडून आलेला राजा.

तरी गादीला खरं वजन आलं ते एप्रिल १९४० मध्ये, असं माझं मत. ९ तारखेला जर्मन सैन्य घुसलं. राजा आणि सरकार राजधानी सोडून निघाले. दुसऱ्या दिवशी एल्वेरूमच्या एका शाळेत जर्मन राजदूताने राजाला एकट्याला गाठून सांगितलं, नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या पुढाऱ्याला, क्विस्लिंगला, पंतप्रधान नेमा. मंत्र्यांशी बोलल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असं म्हणून राजा उठला. मंत्र्यांना मात्र त्याने स्वच्छ सांगितलं: निर्णय तुमचा, पण तुम्ही हो म्हणालात तर मी गादी सोडतो. सरकारने नकार कळवला. ११ तारखेला राजा होता त्या न्यूबर्गसुंड गावावर जर्मन बॉम्ब पडले आणि सदुसष्ट वर्षांचा हा माणूस बर्फातून रानात पळाला. पुढची पाच वर्षं तो इंग्लंडात होता आणि इकडे लोक भिंतींवर चोरून ‘एच ७’ (म्हणजे होकून सातवा) खरडत होते.

ओलाव राजा झाल्यावर १९७३ च्या तेलटंचाईत गाड्यांवर बंदी आली, तेव्हा स्कीइंगला लोकल ट्रेनने गेला. तिकिटाचे पैसे पुढे करणाऱ्या राजाचा तो फोटो तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

विरोधक आहेतच. २०२२ मध्ये संसदेत प्रजासत्ताकाच्या ठरावाला ३५ मतं पडली, विरोधात १३४. मला स्वतःला एक गोष्ट खटकते: राजाने ल्यूथरपंथी (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) असायला हवं, ही अट घटनेत अजून आहे. इतरांना धर्माचं स्वातंत्र्य, आणि त्याला नाही.

कधी ऑस्लोला गेलात तर शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास राजवाड्यासमोर उभे राहा. राजासोबतच्या साप्ताहिक बैठकीला मंत्री येताना दिसतील.